जिनिंगची उधारी आणि ४५ दिवसांचा नियम

१८७० मधे खामगावला रेल्वे आली, वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईकडे जाऊ लागला, ते सगळं ठाऊकच आहे. इथल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा हिशोब तवापासून हंगामावरच चालतो. दिवाळीच्या आसपास मशीन सुरू, उन्हाळ्यात बंद. पैसा आला की आधी शेतकऱ्याचा चुकारा, मग हमाली, मग वीजबिल, आन् रोलर घासून देणारा लेथवाला, पट्ट्या वेल्डिंग करणारा, बारदानावाला हे सगळ्यात शेवटी. माल मात्र त्यांनी रात्री बेरात्री पोचवायचा, कारण मशीन थांबली की सगळं थांबते.

लहान पुरवठादाराले वेळेवर पैसे भेटावे म्हणून कायदा पहिल्यांदा आला १९९३ मधे. लेखी करार करून मुदत कितीही वाढवता येत होती, ती पळवाट १९९८ मधे १२० दिवसांवर बांधली. २००६ च्या कायद्यानं ती ४५ दिवसांवर आणली, करारच नसला तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. कागदावर जबरदस्त! पण पुढच्या हंगामात त्याच दारात काम मागायला जायचं असते, तर व्याज मागतो कोण.

खरा घोळ आहे तो "४५ दिवस कुठून" याचा. जो तो बिलाच्या तारखेपासून मोजतो. कायद्यात मोजणी आहे माल स्वीकारल्यापासून, आणि माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी तक्रार केली नाही तर पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. म्हणजे चलानवर (मालासोबत येणाऱ्या पोचपावतीवर) तारखेसकट सही नसली की सगळा खेळ तिथंच बिघडला, अन् आपल्याकडं चलान ड्रायव्हरच्या खिशात राहते. दुसरा घोळ "पुरवठादार" कोण याचा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे म्हणजे झालं असं दुकानदाराले वाटते, पण २०२१ मधे व्यापाऱ्यांना ती दिली ती फक्त बँकेच्या कर्जापुरती. नागपूरहून बेअरिंग आणून विकणाऱ्याले ४५ दिवसांचं संरक्षण नाही, स्वतः लेथवर बुश बनवणाऱ्याले आहे. मध्यम उद्योगही यात बसत नाही, फक्त सूक्ष्म अन् लघु.

हे सगळं १७ वर्षं निवांत पडून होतं. २०२३ च्या बजेटमधे आयकराची कलम आली, मुदतीत पैसे दिले नाही तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी धरला जाईल, म्हणजे तोवर तेवढ्या रकमेवरही टॅक्स, आणि मार्च २०२४ मधे खरेदीदारांना पहिल्यांदा चटका बसला. व्याजाले कोणी भ्यायलं नव्हतं, टॅक्सले भ्यायले. काही खरेदीदारांनी तर हा नियमच लागू नये म्हणून पुरवठादाराले उद्यम नोंदणी रद्द कर नाहीतर ऑर्डर दुसरीकडं जाईल असं सांगितलं, ही माझ्या मते सरळ दमदाटी. पण शहाण्यांनी वेगळं केलं: रोलर बसवला की अर्धे पैसे हातात, बाकीची तारीख चलानवरच लिहून दोघांच्या सह्या.