गाणं ऐकायच्या खोलीचा नकाशा

नव्या घरात गाणं ऐकायला वेगळी खोली काढायची ठरली, की गप्पा लगेच स्पीकर आणि अँप्लिफायरवर घसरतात. ते पुढे कधीही बदलता येतात. खोलीची लांबी-रुंदी मात्र वीटकाम झालं की कायमची.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींतलं अंतर ज्या लहरीच्या लांबीच्या निम्मं भरतं, ती लहर त्या दोन भिंतींमध्ये अडकून जागच्या जागी फुगते; हिला स्थिर लहर म्हणतात. 10 फुटांच्या अंतराला ही वारंवारता येते 56 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 56 कंपनं. आता खोली 10 बाय 10 आणि स्लॅबही 10 फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांना एकच सूर फुगणार. 10 बाय 20 मध्येही तीच गत, कारण 20 फुटांची दुसरी स्थिर लहर (जिची पूर्ण लांबी त्या अंतरात मावते ती) पुन्हा 56 वरच येते. 10 फूट उंचीला 14 बाय 19 हे माप बरं. या लहरी तिथे बऱ्यापैकी विखुरतात.

एक उदाहरण बघू. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुरात लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, साधारण 69 हर्ट्झचा. खोली 16 फूट लांब असेल तर तिची दुसरी स्थिर लहर 70 च्या आसपास, म्हणजे जवळपास खर्जावरच. ही लहर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यावर जोरात असते, आणि भिंतीपासून 4 फुटांवर जवळजवळ शून्य. आपली खुर्ची बहुधा तिथेच असते! खर्ज नाहीसा होत नाही, जवारीमुळे (घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारामुळे) वरचे स्वर इतके भरपूर असतात की कान तो ओळखतोच. पण त्याचं वजन जातं. खुर्ची दोन फूट पुढे घेतली की ते परत येतं. यासाठी नवी केबल विकत घेणारे लोक आहेत.

बरं, हे फोमने दुरुस्त होत नाही. सच्छिद्र पदार्थ हलणाऱ्या हवेची ऊर्जा शोषतो आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही, तिथे नुसता दाब कमी-जास्त होतो. 70 हर्ट्झची लहर जवळपास 16 फूट लांब; इंचभर फोम तिच्या खिजगणतीतही नाही. अंड्यांचे ट्रे तर विसराच. कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) जाडजूड थर रचले तर थोडा उतार पडतो.

वरच्या सुरांचा घुमारा मात्र साध्या कापडाकापसाने आवरतो. हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. 1895 पासून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या तिथे आणून, किती गाद्यांनी तो किती कमी होतो ते मोजलं. घरच्या खोलीत हा घुमारा अर्ध्या सेकंदाच्या आत असावा. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांनी बरंच काम होतं. सगळ्याच भिंती गाद्यांनी मढवल्या तर गाणं कोरडं लागतं.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना आवाज जाऊ नये म्हणून शोषण नव्हे, वजन लागतं: नऊ इंची भिंत, भरीव दार. आणि त्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली, तर भिंतीवरचा बराचसा खर्च वाया गेला समजा.