गवती चहाचा आइस टी: आधी पाती, मग चहा, शेवटी बर्फ

आइस टीचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं रिचर्ड ब्लेचिन्डेन नावाचे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करायला बसले होते, उन्हाळा इतका कडक की गरम चहाकडे कोणी ढुंकूनही बघेना, मग त्यांनी तोच चहा बर्फावर ओतला, लोकांनी रांगा लावल्या आणि आइस टीचा जन्म झाला. यातले ब्लेचिन्डेन खरे, प्रदर्शन खरं, भारतीय चहा खपवायची धडपडही खरी, फक्त जन्माचा भाग खरा नाही. कारण त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८७९ मध्ये, व्हर्जिनियातल्या मॅरियन कॅबेल टायरी यांनी काढलेल्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहाची कृती व्यवस्थित छापलेली आहे. सकाळी नाश्त्याच्या वेळी चहा भिजवून ठेवायचा, जेवणाच्या वेळी न ढवळता गाळायचा, संध्याकाळी ग्लासात बर्फ आणि साखर घालून त्यावर ओतायचा, आणि थोडा लिंबाचा रस घातला तर आणखी छान. आणि तो चहा होता ग्रीन टी, आपला काळा नाही! १८८४ मध्ये बोस्टनच्या मेरी लिंकन यांच्या पुस्तकात काळ्या चहाची कृती येते. त्याही आधी, १८३९ साली केंटकीच्या लेटिस ब्रायन यांनी चहा, साखर, मलई आणि वाइन यांचं पंच लिहून ठेवलंय, ते गरम किंवा गार कसंही प्यायचं.

म्हणजे बघा, या पेयाचा खरा इतिहास बायकांच्या स्वयंपाकघरात घडला आणि श्रेय गेलं प्रदर्शनातल्या स्टॉलला. हे मला मनापासून खटकतं. ब्लेचिन्डेन यांनी गार चहा मोठ्या गर्दीसमोर नेला, भारतीय काळ्या चहाला तिथं ओळख मिळवून दिली, तेवढं त्यांचं काम मोठंच आहे, पण शोध त्यांचा नाही.

पण या सगळ्यात सगळ्यात उशिरा आलेली आणि सगळं बदलून टाकणारी गोष्ट म्हणजे बर्फ. चहा जुना, पुदिना त्याहून जुना, पण उन्हाळ्यात बर्फ हाताशी असणं हे जगातल्या बहुतेकांसाठी नवीन होतं. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा माणूस १८०६ मध्ये गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून जहाजात भरून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर घेऊन गेला तेव्हा लोक त्याला हसले, त्याला तोटाही झाला, पण त्यानं सोडलं नाही. पुढं नॅथॅनियल वायथनं घोड्यांनी ओढायचा बर्फ कापायचा नांगर बनवला, त्यामुळं एकसारख्या चौकोनी लाद्या निघायला लागल्या, आणि एकसारख्या लाद्या एकमेकींना चिकटून रचता येतात म्हणून वितळणंही कमी झालं. वरून लाकडाचा भुसा, जो सॉमिलवाल्यांना फेकूनच द्यायचा असायचा. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला पोचलं, आणि तरी १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक होता! भुशात गुंडाळलेला बर्फ बंगालच्या दमट हवेत उतरवला जातोय हे दृश्य तेव्हाच्या लोकांना काय वाटलं असेल.

मुंबईत बर्फ यायला फार वेळ लागला नाही. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, आणि मग पाहुण्यांसकट त्यांनाही सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'मध्ये आली, असं सांगतात. १८४३ मध्ये फोर्टात गोदीजवळ बर्फ साठवायला स्वतंत्र आइस हाउस बांधलं गेलं. मद्रासचं आइस हाउस तर आजही उभं आहे, १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते म्हणून आता ते विवेकानंद हाउस म्हणून ओळखलं जातं. मुंबईचं मात्र गेलं.

आता गंमत अशी की जमशेटजींच्या मुंबईत तीनही गोष्टी होत्या. त्यांचा स्वतःचा व्यापारच चीनशी, म्हणजे चहा त्या बंदराला नवा नव्हता. बर्फ अमेरिकेहून येत होता. आणि पारशी घरांमध्ये चहात फुदीनो आणि लीली चाय, म्हणजे आपला पुदिना आणि गवती चहा, घालायची पद्धत आहे, आजही मुंबईत जुन्या पारशी घरी गेलात तर तोच वास येतो. इराण्याकडचा पुदिना चहाही त्याच कुळातला. एवढं सगळं एका शहरात असूनही गार चहाची सवय काही इथं रुजली नाही, आणि माझ्या मते कारण सरळ आहे, बर्फ महाग आणि थोडक्यांचा, तो साहेबाच्या पाण्यात, लोण्यात, दारूत आणि तापाच्या पेशंटच्या डोक्यावर जायचा, आणि चहा तर आपल्या सर्वसामान्य घरांत अजून पोचलाच नव्हता.

चहा किती नवा आणि किती नाजूक विषय होता हे पाहायचं तर १८९० हे एकच साल घ्या. त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या नेव्हाडा नावाच्या गावी जुन्या सैनिकांचा मेळावा भरला, आणि तिथल्या पेपरात नोंद आहे की ८८० गॅलन आइस टी लागला, म्हणजे आपल्या हिशोबानं तीन हजार लिटरच्या वर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढं चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून प्रचंड वादळ उठलं. बोलावणारे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, हजर असणाऱ्यांत टिळक आणि रानडे, गोपाळरावांनी नावं पेपरात छापून टाकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, इतिहासात ते चहा ग्रामण्य, म्हणजे चहावरून वाळीत टाकण्याचा वाद, म्हणून नोंदलं गेलंय. मिशनऱ्यांच्या हातचा चहा हा मुद्दा होता हे खरं, म्हणजे भांडण विटाळाचं होतं, चहाच्या चवीचं नाही. पण तिकडं हजारो लोक मैदानात गार चहा पितायत आणि इकडं एका कपासाठी प्रायश्चित्त, तेही एका महिन्याच्या अंतरानं, हे शेजारी ठेवून बघितलं की आपल्याकडं आइस टी यायला इतका वेळ का लागला ते वेगळं समजवावं लागत नाही.

आता पातीकडं येऊ, कारण मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचंय. घरच्या वनस्पतींचा चहा ही चहाची कमी दर्जाची नक्कल आहे असं पुष्कळांना वाटतं, आणि ते चुकीचं आहे. अंगणातली पानं उकळून पिणं हे चहाच्या पानांच्या आधीपासून आहे, आमच्याकडं काढा, तिकडं अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांची पेयं. १७७० मध्येच बोस्टनच्या बायकांनी ब्रिटिशांनी कर लावलेला चहा पिणार नाही म्हणून सह्या केल्या होत्या, आणि डिसेंबर १७७३ मध्ये त्याच निषेधात चहाच्या ३४२ पेट्या बंदरात फेकल्या गेल्या त्याच्या आगेमागे घराघरांत 'लिबर्टी टी' सुरू झाला. त्यात काय असायचं? पुदिना, सेज, रासबेरीची पानं, न्यू जर्सी टी नावाच्या झुडपाची पानं, आणि ओस्वेगो टी म्हणजे मोनार्डाची पानं, जी त्यांना मूळ रहिवाशांकडून कळली होती. परसातली पानं पिणं ही त्या काळी राजकीय भूमिका होती, आणि ती बजावली ती परत बायकांनीच.

आपला गवती चहा हा गवताचाच प्रकार, सिम्बोपोगॉन सिट्रेटस. लिंबाचा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्यामुळं, त्याच्या तेलाचा बहुतांश भाग सिट्रलच असतो. पात सरळ ओढून तोडायला गेलात तर कडेनं बोट कापतं, करवतीसारखी बारीक धार असते तिला, म्हणून खालून कात्रीनं कापायची, दोन-तीन पाती एकत्र दुमडून गाठ मारायची आणि ती जुडी पाण्यात टाकायची, म्हणजे गाळताना त्रास नाही आणि पात मोडल्यामुळं वासही जास्त सुटतो. याला फुलोरा क्वचितच येतो, बी तर धरतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं लावायचा तो ठोंब फोडूनच. म्हणजे तुमच्या अंगणात जो गवती चहा आहे तो कुणाच्या तरी अंगणातून आलाय, आणि त्यांच्याकडं आणखी कुणाकडून, नर्सरीवाल्याचासुद्धा असाच. शेजारणीनं मुळासकट चार काड्या दिल्या आणि आपण त्या डब्यात लावल्या, हाच त्याचा प्रवास आहे आणि बहुतेक तो कुठं लिहिला गेलेला नाही.

याच कुळातलं एक गवत मात्र भरपूर लिहिलं गेलंय, खानदेशातलं रोशा गवत. त्याचं तेल काढून मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडं आणि तुर्कस्तानात जायचं, आणि तिथं गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. वासावरून माल पारखणाऱ्या व्यापाऱ्यांना फसवणारं इतकं सुगंधी गवत आपल्या डोंगरांवर उगवायचं. थोडं विषयांतर झालं, पण गवती चहाला नुसतं गवत म्हणणाऱ्यांना हे माहीत असावं.

पुदिन्याचं सोपं आहे, भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, फक्त कुंडी वेगळी ठेवा कारण तो जमिनीखालून पसरतो आणि बाकी सगळ्यांची जागा खातो. फुलं यायच्या आधी, सकाळी तोडलेला पुदिना वासाला चांगला. तुळशीचं थोडं जपून, एक तर तिचा वास लवंगेकडं झुकतो त्यामुळं चार पानांतच चहा व्यापून टाकते, आणि घरोघरी तिचे नियम आहेत, द्वादशीला तोडत नाहीत वगैरे, ते ज्याचं त्यानं पाळावं.

मग बर्फ घरात कधी आला? आपल्याकडं गोदरेजनं १९५८ मध्ये भारतात बनलेला पहिला फ्रिज आणला, पण मध्यमवर्गीय घरांत तो पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, भुसा झटकून पोत्यात घालून आणायची, लग्नकार्याला किंवा आइस्क्रीमच्या पॉटला. त्यामुळं उन्हाळ्यात पन्हं, कोकम, ताक माठातल्या पाण्यावर चालायची, आणि गवती चहा पावसाळ्यात-थंडीत आल्याबरोबर गरम. ही विभागणी चवीमुळं झाली असं मला वाटत नाही, ती बर्फ नसल्यामुळं झाली. सिट्रलचा वास गार असताना उलट जास्त स्वच्छ लागतो, दूध नसल्यामुळं तो दबत नाही.

एक अडचण मात्र सगळ्यांना येते आणि तिचं कारणही इतिहासातच आहे. आपण घरातली नेहमीची चहा पावडर वापरून कडक चहा करतो, फ्रिजमध्ये ठेवतो आणि तासाभरानं बघतो तर चहा गढूळ, मातकट. चहा बिघडलेला नसतो. कॅफिन आणि चहातले पॉलिफेनॉल नावाचे तुरट घटक थंड झाल्यावर एकमेकांना धरतात आणि गढूळपणा येतो, थोडं उकळतं पाणी घातलं की परत नितळ होतो. चहा जितका कडक तितका हा प्रकार जास्त, आणि आपली दाणेदार सीटीसी पावडर (यंत्रात पानं चिरडून, फाडून, वळून केलेली) म्हणजे दुधात टिकेल असा कडकपणा पटकन उतरावा म्हणूनच पसंत केली जाणारी. सीटीसीचं यंत्र आसामात १९३० मध्ये आलं, म्हणजे ब्लेचिन्डेन सेंट लुईसला जो चहा बर्फावर ओतत होते तो पानांचाच असणार. निलगिरीचा पानांचा चहा गार झाल्यावर नितळ राहतो म्हणून आइस टीसाठी तो नावाजला जातो. अमेरिकेतही आता सगळ्यात जास्त चहा अर्जेंटिनाहून येतो, कारण तो स्वस्त पडतो आणि गार केल्यावर ढगाळत नाही. ज्या बाजारात आपल्या चहाची एवढी जाहिरात झाली तिथं ही जागा अर्जेंटिनानं घ्यावी याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि निलगिरीवाल्यांनी ती परत मागावी असंही वाटतं.

तेव्हा करायचा असेल तर लिटरभर पाण्यात गवती चहाच्या पाच-सहा पातींची जुडी आधी पाच मिनिटं उकळा, गॅस बंद करून तीन चमचे पानांचा चहा घाला, झाकण ठेवून चार मिनिटांत गाळा, साखर गरम असतानाच विरघळवा, आणि फ्रिजमध्ये न कोंबता आधी ओट्यावर निवू द्या. लिंबू पिळलं की रंग एकदम फिका होतो, ते आंबटपणामुळं होतं, घाबरू नका. पुदिना उकळायचा नाही, तो तळहातावर एकदा चुरडून सरळ ग्लासात, बर्फाच्या खाली.