ताशी साठ म्हणजे माडाची उंची

माडावर चढलेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, १४ मीटरवरून खाली पडला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी साधारण ६० किलोमीटर असतो. मडगावहून पणजीला कामावर निघालेली स्कूटरही त्याच वेगाने धावत असते. माडावर चढायचं म्हटलं तर आपल्यापैकी बहुतेकांना घाम फुटेल. स्कूटरवर मात्र आपण एका हाताने गॉगल सारखा करत असतो. ती स्कूटर थेट खांबावर आदळली, तर शरीराला या दोन्हींतला फरक कळत नाही. अंगातली गती क्षणार्धात शून्यावर येते आणि ती सगळी ऊर्जा हाडांत, प्लीहेत, मेंदूत जिरते. वेग ताशी ४० असता, तर हिशेब सव्वासहा मीटरवर, म्हणजे दुमजली घराच्या छपराशी आला असता. वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते.

इजेकडे असं ऊर्जेच्या हिशेबाने पाहायला वैद्यकशास्त्राने बराच वेळ घेतला. साथरोगतज्ज्ञ जॉन गॉर्डन यांनी १९४९ साली मांडलं की पडणं, भाजणं, बुडणं यांचंही साथीच्या रोगांसारखंच असतं: वय ठरलेलं, ऋतू ठरलेला, जागा ठरलेली. मग १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी सांगितलं की या रोगाचा जंतू म्हणजे ऊर्जा. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने, जे तिथल्या सरकारी रस्तासुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख होते, त्यातून एक तक्ता तयार केला. एका बाजूला माणूस, वाहन आणि परिसर. दुसऱ्या बाजूला अपघाताआधी, अपघात होताना आणि अपघातानंतर. एकूण नऊ चौकोन. आपण त्यातला पहिलाच, 'माणूस, अपघाताआधी' हा, वर्षानुवर्षं भरत बसलो आहोत: 'सावकाश चालवा'चे फलक, रस्ता सुरक्षा सप्ताह, शाळेतल्या घोषवाक्य स्पर्धा. उरलेल्या आठांकडे आपलं लक्ष फारसं जात नाही.

टाळेबंदीचा काळ सोडला, तर गेल्या काही वर्षांत गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी अडीचशे ते तीनशे माणसं मेली आहेत. आपल्याहून शंभरपट मोठी राज्यं असलेल्या देशात हा आकडा किरकोळ वाटतो. पण २०२२ मध्ये देशभरात १ लाख ६८ हजारांवर मृत्यू झाले, म्हणजे लाख माणसांमागे बारा. गोव्यात हेच प्रमाण सतरा-अठराच्या आसपास जातं. इथे वाहनांची नोंद लोकसंख्येच्या जवळ पोचली आहे आणि त्यात दुचाकी सर्वांत जास्त, त्यामुळे मरणाऱ्यांत निम्म्याहून बरेच दुचाकीवरचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरची इजा हेच आहे. डेंग्यूने एवढी तरुण माणसं गेली असती तर विधानसभा डोक्यावर घेतली असती.

आता हेल्मेट. खांबावर आदळलात तर माडाचा हिशेब लागू पडतो, पण नुसते घसरून पडलात तर डोकं रस्त्यावर आपटतं ते मुख्यतः उंचीमुळे मिळालेल्या वेगाने. पावणेदोन मीटरवरून पडलेलं डोकं ताशी एकवीस-बावीस किलोमीटरने आपटतं, मग गाडी साठाने जात असो की सिग्नलला उभी असो. उघडी कवटी डांबरावर दोन-तीन मिलिमीटरांत थांबते. तेवढ्यात थांबायचं तर मेंदूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातशेपट झटका बसतो. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. तो दबतो आणि थांबायला दोन-अडीच सेंटिमीटर मिळतात, की झटका सत्तरपटीवर येतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रकार एवढाच: दहापट अंतर, दहावा हिस्सा झटका. वरचं चकचकीत कवच दुय्यम, काम करतो तो आतला थर. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. आणि पट्टा लावला नसेल तर ते पहिल्याच हिसक्यात डोक्याआधी गटारात पोचतं. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याची इजा ६९ टक्क्यांनी आणि मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतात. एवढा गुण देणारं औषध असतं तर फार्मसीसमोर रांगा लागल्या असत्या. तरी पायलटच्या, म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्याच्या, मागे बसलेल्या गिऱ्हाइकाचं डोकं बहुतेकदा उघडंच. 'हांगाच वचून येतां', इथंच जाऊन येतो, म्हणून निघालेल्याचंही.

समुद्रावर मात्र गोव्याने बरोबर पाऊल टाकलं. २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेत. पर्यटक पूर्वीइतकेच बेफिकीर आहेत, कदाचित जास्तच. बदलला तो किनारा. शिट्टी, मनोरा, बचावफळी आणि लाल-पिवळे बावटे, ज्या दोन बावट्यांच्या मधेच पोहायचं. बुडणारा दारू प्यायला होता का, हे जीवरक्षक आधी विचारत नाही.

बावटे तिथेच का, यामागे भौतिकशास्त्र आहे. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात आणि ते परत जायला वाळूच्या दांड्यांमधली फट शोधतं. फटीत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि वरून ती जागा आजूबाजूपेक्षा शांत दिसते. नवखा माणूस नेमकी तीच निवडतो. या ओढीचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या पुढे जातो. ऑलिंपिकमधला शंभर मीटरचा विजेता जेमतेम तेवढ्याने पोहतो. उलट किनाऱ्याकडे पोहणारा दमून बुडतो. ओढ पाण्याखाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि तिचा पट्टा अरुंद असतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. तेवढं त्राण नसेल तर तरंगत राहून हात हलवायचा.

गावातल्या पाण्यावर मात्र बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नाही. पावसात भरलेल्या चिऱ्याच्या खाणींना सरळ कापलेल्या भिंती असतात, त्यामुळे चांगला पोहणाराही वर चढू शकत नाही. सां जांवच्या सणाला, २४ जूनला, बांयत म्हणजे विहिरीत उड्या पडतात तेव्हा निदान भोवती गाव उभं असतं आणि बांय ओळखीची असते. तिथला धोका वेगळा: उथळ पाण्यात डोक्याकडून घेतलेली एक उडी मानेचा मणका मोडते, आणि हातपाय जन्मभरासाठी जातात.

रस्त्यावर किनाऱ्यासारखंच करता येतं. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून शाळेपाशी गतिरोधक, चौकात वर्तुळ: तिथे गाड्या समोरासमोर किंवा काटकोनात भिडण्याऐवजी कमी वेगाने तिरक्या घासतात. रस्ता रुंद झाल्यावर डांबरात तसाच उभा राहिलेला विजेचा खांब हलवणं हेही आरोग्यखात्याचंच काम मानायला हवं. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरण स्वीकारलं की माणूस चुकणारच. त्या चुकीला मृत्यूची शिक्षा नको, एवढी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची. आपल्याकडे पंचनाम्यात चालकाची चूक लिहिली जाते आणि खांब तिथेच राहतो.

शेवटची ओळ, 'अपघातानंतर'ची. गोव्यात १०८ ची सेवाही २००८ मध्येच सुरू झाली, आणि राज्य एवढं लहान की बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, बहुतेक ठिकाणांहून आवाक्यात आहे. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं बघ्यांच्या हातात असतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि सारखं उचलून पाहायचं नाही. मानेला मार असण्याची शक्यता असेल तर आग किंवा रहदारीचा धोका नसताना हलवायचं नाही, ओढून रिक्षात तर मुळीच घालायचं नाही. पाणी पाजायचं नाही. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने अजूनही लोक लांबूनच फोटो काढतात. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४-अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि २०२० च्या नियमांनुसार त्याच्यावर नाव, पत्ता किंवा फोन नंबर देण्याची सक्ती करता येत नाही.