रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर चिठ्ठी देतानाच सांगा

रामबागेतल्या आमच्या काउंटरवर संध्याकाळच्या गर्दीत हे हमखास घडतं. काका गुडघेदुखीची चिठ्ठी पुढे करतात. आम्ही विचारतो, "हृदयाचं काही औषध चालू आहे का?" "छे, काही नाही." बिल होतं, आणि पैसे काढता काढता काका म्हणतात, "आणि हो, ती ७५ ची पट्टी पण द्या."

ती ७५ ची म्हणजे ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, रक्त पातळ करायची गोळी. मग बिल थांबवायचं, डॉक्टरांना फोन लावायचा, आणि मागची माणसं खोळंबतात. काकाही रागावतात, "दुसरीकडे तर लगेच देतात!" देत असतील. पण हृदयाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बऱ्याचदा आमच्या टेबलावरच पहिल्यांदा शेजारी येतात. तिथे आम्ही गप्प बसलो, तर पुढे विचारणारं कोणी नाही.

ॲस्पिरिन प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही, म्हणून गुठळी टळते. पण ती ज्या एन्झाइमला बंद पाडते, तेच पोटाच्या अस्तरावरचा संरक्षक थर टिकवायला लागतं. थर विरळ झाला की आम्ल अस्तराला लागतं, व्रण (अल्सर) होतो, आणि त्यातून रक्त आलं तर ते लवकर थांबत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या दुखण्यावरच्या गोळ्याही त्याच थराला धक्का लावतात. दोन्ही एकत्र म्हणजे धोका बराच वाढला. साठी ओलांडलेल्यांना आणि आधी अल्सर झालेल्यांना तर फारच. आयबुप्रोफेन शिवाय ॲस्पिरिनच्या कामातही आडवं येऊ शकतं.

"आमची तर कोटिंगवाली आहे," असं बरेच जण सांगतात. ते कोटिंग पोटात न विरघळता आतड्यात विरघळतं, हे खरं. पण पोटावरचा परिणाम रक्तातूनही होतो, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका कोटिंगने टळत नाही. आणि ती गोळी कुटून किंवा चावून रोज घेऊ नका, कोटिंगचा उपयोगच संपतो.

काही जणांना आपण ॲस्पिरिन घेतो हेच माहीत नसतं. "कोलेस्टेरॉलची कॅप्सूल" म्हणून जी घेता, तिच्यात स्टॅटिनबरोबर ॲस्पिरिन असू शकतं, कधी क्लोपिडोग्रेल हे रक्त पातळ करणारं दुसरं औषधही. आणि डोकं दुखलं की पाण्यात विरघळवून घेतात ती जुनी गोळीसुद्धा ॲस्पिरिनच, तीही ७५ च्या चौपटीहून जास्त.

डॉक्टरांनी पोटातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल दिलं असेल, तर ते सकाळच्या पोह्यांच्या अर्धा तास आधी घ्या, पोह्यांनंतर नाही. ते जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग सांभाळतं. पुढच्या लहान आतड्याला त्याचं संरक्षण मिळत नाही. तिथून थोडं थोडं रक्त जात राहिलं, तर पोट दुखतही नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरतं. जिना चढताना अचानक धाप लागायला लागली, तर ते वयावर ढकलू नका. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली (लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो, पण चिकटपणा येत नाही), कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली किंवा चक्कर आली, तर आमच्याकडे न येता १०८ ला फोन करा किंवा थेट एम.वाय. हॉस्पिटल गाठा.

हे वाचून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवला असेल तर. आणि शेजारी घेतात म्हणून सुरूही करू नका.

गुडघ्यासाठी लावायचं जेल आमच्याकडे आहे. ते रक्तात फार कमी उतरतं, पोटावरचा भारही कमी. पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. म्हणाल तर आम्हीच फोन लावून देऊ. दुपारी २ ते ४ दुकानात गर्दी नसते. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, आम्ही त्या तपासून एका कार्डावर लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही. फक्त पट्टी कापताना औषधाचं नाव छापलेला भाग ठेवा, नुसत्या चंदेरी तुकड्यावरून आम्हालाही काही कळत नाही.