१/७२ च्या विमानाशेजारी १/७६ चा टँकर: मापांचा हा घोळ आला कुठून?

ग्वाल्हेरच्या घरात मॉडेलचं कपाट असेल, तर त्यात मिराज २००० हे लढाऊ विमान हवंच. १९८५ पासून महाराजपूरच्या हवाई तळावर हेच विमान आहे. १/७२ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शात, ते १९९ मिमी लांब आणि १२७ मिमी रुंद भरतं. शेजारी इंधनाचा टँकर किंवा जुनं जपानी विमान मांडलं, की काहीतरी खटकतं. त्याची मुळं जुनी आहेत.

१/७२ हे फूट-इंचांचं अपत्य: खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे मॉडेलचा एक इंच. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात स्कायबर्ड्स कंपनीची लाकडी विमानं आणि १९३६ मध्ये फ्रॉग कंपनीची पेंग्विन किट्स याच मापात निघाली. महायुद्धात सैनिकांना विमानं ओळखायला शिकवणारी मॉडेलंही याच मापाची होती, त्यामुळे ते रुजलं. १/४८ म्हणजे फुटाला पाव इंच. १/१४४ हे १/७२ चं सरळ निम्मं.

१/७६ मात्र मॉडेल रेल्वेतून आलं, आणि हा भाग फार सुरस आहे. एचओ या मापाच्या मॉडेल रेल्वेत फुटाला ३.५ मिमी धरतात, म्हणजे १/८७. ब्रिटिश इंजिनं मुळातच लहान, त्या मापात त्यांच्या पोटात मोटर मावेना. तेव्हा रूळ तेच ठेवून वरचं इंजिन फुटाला ४ मिमी, म्हणजे १/७६ केलं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने पुढे लष्करी गाड्या या मापात काढल्या, विमानं मात्र १/७२ मध्येच ठेवली. आपल्या मांडणीतला तिढा तिथला.

जपानी कंपन्यांनी मेट्रिकला सोयीचं १/५० घेतलं. अमेरिकेत १९५० च्या दशकात तर खोक्यात मावेल तेवढं विमान, असा खाक्या होता.

फरक मोजून पाहावा. १/७६ चा १.७५ मीटरचा ड्रायव्हर २३ मिमी, १/७२ चा २४.३. म्हणजे तो १/७२ मध्ये १.६६ मीटरचा, थोडा बुटका माणूस म्हणून सहज खपतो. टँकर विमानाच्या मागे, हातभर नाही तरी वीतभर दूर ठेवला, की लहानपण अंतरात जिरतं. पुढे आणला की लगेच उघडं पडतं. एकाच प्रकारच्या दोन गाड्या दोन स्केलमध्ये जवळ ठेवूच नयेत. चाकांचा व्यास चुगली करतो. झीरो या जपानी लढाऊ विमानाचे पंख १२ मीटर: १/४८ मध्ये २५० मिमी, १/५० मध्ये २४०. वेगळ्या जातीच्या विमानांत हा सेंटिमीटर कळत नाही, दोन झीरो शेजारी असले तर कळतोच.

खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. पंखांची खरी रुंदी मिमीमध्ये घेऊन मॉडेलच्या रुंदीने भागावी: ९१३० भागिले १२७, म्हणजे ७२. लांबी घेऊ नये. नाकावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी) कुणी धरतं, कुणी नाही. भागाकार ७० ते ७६ च्या बाहेर गेला, तर ते किट वेगळ्या कप्प्यात ठेवावं.