वेठबिगार मुक्ती प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडकतो

ऊसतोड, वीटभट्टी, कोळसाभट्टी इथून सुटून आलेली माणसं वेठबिगारीतून सुटल्याचं सरकारी प्रमाणपत्र मागायला ऑफिसात जातात आणि एवढंच सांगतात, "साहेब, मुकादमाने पैसे बुडवले." तिथेच अर्ज फसतो, कारण मग हा मजुरीचा वाद ठरतो आणि त्यांना कामगार ऑफिसला पाठवून देतात. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळींत लिहा : उचल (कामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) किती घेतली, ती फेडायला राबत होतो, सोडून जाऊ देत नव्हते, मजुरी किमान वेतनाइतकी पण मिळत नव्हती. १९७६ च्या वेठबिगार कायद्यात हेच बघतात.

दुसरा घोळ उचलीच्या पावतीचा. अहो, मुकादम पावती देतो का कधी? उचल वहीत लिहितात आणि वही त्याच्याच खिशात. तरी "कागद आणा" म्हणून परत पाठवतात याची खरंच चीड येते, कारण याच कायद्याचं कलम १५ स्पष्ट आहे, मजुराने हे वेठबिगारीचं कर्ज आहे म्हटलं की तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची. कलमाचा नंबर अर्जात लिहाच. वहीच्या पानाचा फोटो, फोनचं रेकॉर्डिंग असेल तर जोडा, नसेल तरी अर्ज द्या.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी), जिथे काम केलं त्या भागातल्या. पोच घ्या. आणि जमेल तोवर जबाब देऊन, प्रमाणपत्र हातात घेऊनच गावी जा, एकदा गावी गेलात की दोन जिल्हे एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आता सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं ते सांगते. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल नवऱ्याच्या नावावर, म्हणून जबाब पण त्याचाच घेतात आणि बाईचं नाव कुठेच येत नाही. सुटलेल्या मजुरांसाठी केंद्राची पुनर्वसन योजना आहे, त्यात पुरुषाला १ लाख आहेत, बाईला आणि मुलांना २ लाख, आणि मानवी तस्करी, लैंगिक शोषण, अपंगत्व अशा प्रकरणांत ३ लाख (मोठ्या रकमांचा बराचसा भाग ठेवीत जातो, सगळे हातात मिळत नाहीत). म्हणून ताईंनो, स्वतःचा वेगळा जबाब द्या, वेगळं प्रमाणपत्र मागा, पोरगं भट्टीवर विटा उचलत असेल तर त्याचंही. मुलं अजून तिथेच असतील तर अर्जाची वाट न बघता १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा.

पैसे मागायला गेलं की ऑफिसात सांगतात, "मुकादमावरच्या केसचा निकाल लागल्यावर या", हे अर्धंच खरं आहे. पूर्ण रकमेला गुन्हा सिद्ध होणं लागतं, पण ३० हजारांपर्यंतची तात्काळ मदत निकालावर अडत नाही, ती जिल्ह्याच्या वेठबिगार पुनर्वसन निधीतून मिळते. लेखी मागा. बँक खातं स्वतःच्या नावाचं हवं, आणि नावाचं स्पेलिंग प्रमाणपत्रावर आणि पासबुकात एकच आहे ना ते तिथल्या तिथे तपासा.

आणि मुकादम गावी येऊन राहिलेली उचल मागायला लागला तर एक रुपयाही देऊ नका, कलम ६ प्रमाणे ते कर्ज संपलंय, ते वसूल करणं हाच गुन्हा आहे.