पाचारण आणि तारण

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात देवाने माणसाला आपल्याकडे बोलावणे म्हणजे पाचारण, आणि पाप व मरण यांच्या तावडीतून सोडवून त्याचे देवाशी तुटलेले नाते पुन्हा जोडणे म्हणजे तारण. मूळ ग्रीक शब्द अनुक्रमे ‘क्लेसिस’ आणि ‘सोतेरिया’. ख्रिस्तसभेसाठी नव्या करारात येणारा ‘एक्लेसिया’ हा शब्दही ‘बोलावणे’ याच धातूपासून झाला आहे.

दोन्ही कल्पना एकाच प्रसंगात पाहायच्या असतील तर मार्ककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडावा. यरीहोच्या वाटेवर आंधळा भिकारी बार्तीमय येशूला हाका मारतो आणि लोक त्याला गप्प करतात. येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो. मघाशी दटावणारेच आता सांगतात, “धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतोय.” बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. शेवटी “तुझ्या विश्वासाने तुला बरे केले” असे येशू म्हणतो. तिथले ग्रीक क्रियापद ‘सोझो’ आहे. त्याचा अर्थ बरे करणे आणि तारणे असा दोन्ही होतो. मराठीत यांपैकी एकच अर्थ निवडावा लागतो, म्हणून हे मुद्दाम सांगायला हवे.

हाक नेहमीच लगेच ओळखू येते असे नाही. जुन्या करारात शिलो येथे देवाचा दिवा अजून मालवलेला नसताना झोपलेल्या शमुवेलाला हाक येते. तो तीनदा वृद्ध याजक एलीकडे धावतो. ही हाक कोणाची, हे तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते. मोशे तर जळत्या झुडपापुढे उभा राहून, मला बोलता येत नाही, अशी सबब सांगतो. लायकी पाहून बोलावणे आले, असे या कथांत कुठेच नाही. बोलावणे आधी येते, आणि पाचारणाच्या विचाराचा गाभा हाच आहे.

येशूचा प्रेषित पौल याने नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात हा क्रम मांडला: देवाने ज्यांना आधीच नेमले त्यांना पाचारण केले, नीतिमान ठरवले आणि गौरवही दिला. मग बोलावलेला माणूस नकार देऊ शकतो का? ‘बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे’ हे येशूचे वचन या प्रश्नाला आणखी धार लावते. माणूस स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलेगियसविरुद्ध धर्मपंडित ऑगस्टीनने कृपेचे, म्हणजे देवाच्या विनामूल्य दानाचे, प्राथम्य मांडले, आणि 529 च्या ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते असे ठरवले. 1618–19 मध्ये डॉर्टच्या धर्मसभेत धर्मसुधारक कॅल्विनच्या अनुयायांनी निवडलेल्यांना आलेले पाचारण विफल होत नाही असे ठामपणे सांगितले. त्यांच्या विरोधातील, डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांच्या मते माणूस कृपेला विरोध करू शकतो. पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने माणसाच्या प्रतिसादाआधी येणारी, सर्वांसाठी असलेली कृपा शिकवली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत तारण म्हणजे देवाच्या जीवनात सहभागी होत जाणे, आणि त्यात माणसाचा होकार मोलाचा आहे. माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो या वादावर कॅथलिक आणि लुथरन यांनी 1999 मध्ये ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. चार शतकांहून जुन्या भांडणानंतर झालेली ही समेटाची खूण फार मोठी आहे.

मध्ययुगीन युरोपात पाचारण म्हणजे मुख्यतः मठवास किंवा धर्मगुरुपद. चांभाराचे, गृहिणीचे काम हेही देवाचे बोलावणेच, असे मार्टिन लूथरने सांगितले. ‘बेरूफ’ या जर्मन शब्दात पाचारण आणि व्यवसाय हे दोन्ही अर्थ आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये पवित्रतेचे पाचारण सर्वांनाच आहे असे स्पष्ट केले.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी ‘तारण’ हाच शब्द आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या कार्याला मात्र ‘मुक्ती’ हे नाव दिले. ‘तारण’मध्ये तरून जाणे आहे, नोहाचे जहाजही मराठी बायबलात ‘तारू’ आहे. पौलाच्या लेखी तारण झालेले आहे, होत आहे आणि पुढे पूर्ण व्हायचे आहे. तोवर देवाने दिलेल्या पवित्र आत्म्याला तो ‘अर्राबोन’ म्हणतो, म्हणजे सौदा पक्का करताना आधी दिलेली रक्कम. मराठी बायबलात त्यासाठी बाजारातलाच शब्द आहे: विसार.